ताडपत्रीचा भाव सांगण्याआधी एक प्रश्न विचारा

पावसाळा तोंडावर आला की ताडपत्रीच्या दुकानात गर्दी होते आणि लग्नसराई सुरू झाली की मांडववाल्याकडे. दोन्ही ठिकाणी गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारते. भाव काय आणि रंग कोणता? बहुतेक दुकानदारही तेवढेच सांगून माल बांधून देतात. माझे मत असे की, भाव सांगण्याआधी दुकानदाराने उलट प्रश्न केला पाहिजे : "हा कपडा कोठे लावणार, आणि त्याच्या खाली काय होणार?" कपड्याची जात ओळखणे हे गिऱ्हाइकाचे काम नव्हे, ते आपले काम आहे.

बाजारात आज मुख्यतः तीन प्रकारचा माल आहे. पहिला सुती कॅनव्हास. हा पाण्याने भिजला की सूत फुगते, विणीची छिद्रे बुजतात आणि पाणी वरून ओघळून जाते. कोरडा असताना त्यातून हवा खेळते, म्हणून आत दमट होत नाही. मात्र तो वजनाला भारी आणि ओला घडी करून ठेवला तर कुजतो. दुसरा प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणून दोन्ही बाजूंनी थर दिलेला, ज्याला आपण सरसकट ताडपत्री म्हणतो. तो हलका, स्वस्त व जलरोधक आहे, पण हवा खेळू देत नाही. तिसरा नायलॉन व पॉलिएस्टरचा, डोंगरावर जाणारी मुले तंबूसाठी नेतात तो. यात एक बारकावा आहे. नायलॉन ओले झाले की ताणते, म्हणून रात्री घट्ट बांधलेला तंबू पहाटे ढिला पडतो. पॉलिएस्टर इतके ताणत नाही आणि उन्हातही नायलॉनपेक्षा जास्त टिकते.

प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत सर्वांत जास्त फसवणूक होते ती वजनात. यावर साधा उपाय तराजू आहे. १२ बाय १५ फुटांचा तुकडा म्हणजे जवळपास पावणेसतरा चौरस मीटर. दर चौरस मीटरला २०० ग्रॅमचा माल असेल, तर तुकडा सुमारे ३ किलो ३०० ग्रॅम भरला पाहिजे. तो २ किलोच भरला, तर माल १२० ग्रॅमचा आहे, लेबलावर काहीही छापलेले असो. प्रामाणिक दुकानदाराने काट्यावर ठेवून दाखवण्यास कचरू नये. तुकडा उन्हासमोर धरून टाचणीएवढी छिद्रेही दाखवावीत.

आता रंगाविषयी. रंग ही केवळ आवडीची बाब नाही. पांढरा रंग ऊन परतवतो, काळा शोषून घेतो. पण काळ्या प्लॅस्टिकमधील काजळी प्लॅस्टिकचे उन्हापासून रक्षण करते, म्हणून काळा माल टिकतो जास्त आणि तापतोही जास्त. गोदामावर टाकायचा असेल तर काळा चालेल. खाली माणसे बसणार असतील तर वरची बाजू पांढरी किंवा रुपेरी हवी. निळ्या ताडपत्रीखाली दुकान थाटणाऱ्या कापडवाल्याला मी नेहमी सांगतो की, त्या उजेडात तुमचा बदामी कपडा मळका दिसतो आणि हिरवा भलताच. गिऱ्हाईक घरी नेऊन पाहते तेव्हा रंग वेगळा निघतो आणि तंटा होतो. मांडवाच्या रंगीत कपड्याचीही हीच कथा. ओल्या पांढऱ्या चिंधीने घासून पाहिल्याशिवाय तो घेऊ नये; पहिल्या सरीत रंग पाहुण्यांच्या कपड्यांवर उतरतो.

मदतकार्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ताडपत्रीकडे पाहा. ती ४ बाय ६ मीटरची, दोन्ही बाजूंनी पांढरी आणि आतले धागे मात्र काळे असतात. काळ्या धाग्यांमुळे ती उन्हात टिकते. शिवाय रात्री आत दिवा लावला तरी माणसांच्या सावल्या बाहेर दिसत नाहीत. घर गमावलेल्या कुटुंबातील बायामुलींचा पडदा त्या काळ्या धाग्यावर अवलंबून असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर किंवा २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर ज्यांना उघड्यावर राहावे लागले, त्यांना याचे मोल सांगण्याची गरज नाही. आपल्या संस्था पूरग्रस्तांना ताडपत्री वाटतात तेव्हा स्वस्त पातळ पन्नीच्या शंभर तुकड्यांपेक्षा अशा जाड, अपारदर्शक मालाचे पन्नास तुकडे द्यावेत, असे मला वाटते.

सर्वांत गंभीर प्रश्न आगीचा आहे. प्लॅस्टिकची ताडपत्री सुमारे १३० अंश सेल्सियसला वितळते, आणि पेटली की जळते थेंब खाली बसलेल्यांच्या अंगावर पडतात. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या कार्यक्रमाच्या मांडवाला आग लागली आणि ४०० हून अधिक जीव गेले, त्यांत मुले फार होती. तो मांडव सिंथेटिक कपड्याचा होता. १५ एप्रिल १९९७ रोजी मिना येथे हाजींचे सुमारे ७०,००० तंबू जळाले, ३४३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे काचतंतूवर टेफ्लॉनचा थर दिलेले, आगीला दाद न देणारे पांढरे तंबू उभारण्यात आले. १० एप्रिल २००६ रोजी मेरठच्या प्रदर्शनातील मांडवाच्या आगीने पुन्हा साठहून अधिक बळी घेतले. मांडवांसाठी आय.एस. ८७५८ हे भारतीय मानक आहे, त्यात सिंथेटिक कपडा व सिंथेटिक दोर वापरू नयेत असे सांगितले आहे. तरीही वलीम्याच्या भटारखान्यावर, पेटत्या चुलीच्या वर, तीच प्लॅस्टिक ताडपत्री ताणलेली असते.

मांडववाले बांधव म्हणतील, सुती कपडा महाग, जड, धुवायला त्रास, आणि पार्टी जास्त पैसे देत नाही. ही अडचण खरी आहे. सुती कपडा पेटत नाही असेही नव्हे. तो जळतो, पण वितळून अंगावर गळत नाही. सात भाग टाकणखार व तीन भाग बोरिक पावडर यांच्या द्रावणात बुडवून वाळवला, तर त्याला आग सहज धरत नाही. पावसाने भिजला की मात्र हा गुण धुऊन जातो आणि पुन्हा बुडवावा लागतो. सगळा मांडव एकदम बदलणे ज्याला झेपत नाही, त्याने निदान भटारखाना मांडवापासून वेगळा व दूर करावा, त्यावर पत्रा टाकावा, बाजू मोकळ्या ठेवाव्यात आणि विजेच्या तारा कपड्याला चिकटून नेऊ नयेत. एवढ्याला फार भांडवल लागत नाही.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर सुती कपडा विणणारे हात आजही आहेत. मांडववाल्यांच्या संघटनांनी एकत्र येऊन मागणी नोंदवली, तर जाड सुती कपडा घाऊक भावात मिळू शकेल आणि विणकरालाही काम मिळेल. तोपर्यंत दुकानदाराने गिऱ्हाइकाला तो एक प्रश्न विचारावा आणि खाली चूल पेटणार असे उत्तर आले, तर प्लॅस्टिकचा माल देण्यास साफ नकार द्यावा. एक गिऱ्हाईक गेले तरी चालेल.