धोत्रा, मोह आणि 'एक वृद्ध स्त्री'

'आपल्या मराठवाड्यात असे काही नाही का?' हा प्रश्न नांदेड-लातूरकडच्या चर्चासत्रांत आम्ही एकाहून अधिक वेळा ऐकला आहे. 'असे काही' म्हणजे ॲमेझॉनच्या खोऱ्यातील आयाहुआस्का किंवा मेक्सिकोतील भूछत्रे. ज्यांना सायकेडेलिक म्हणतात आणि ज्यांच्या सेवनाने चित्त विस्तारते, जुने आघात भरून येतात, असे सांगितले जाते त्या वनस्पती. प्रश्नकर्त्याची नजर मग किनवट-माहूरच्या डोंगरांकडे वळते. तेथे गोंड, कोलाम, परधान, आंध राहतात; अर्थात तेथे एखादे दिव्य झाडही असलेच पाहिजे, असा हा न्याय.

शोधणाऱ्याच्या हाती बहुधा धोत्रा लागतो. धोत्रा सायकेडेलिक नव्हे. ॲट्रोपीन आणि स्कोपोलामाइन ही त्यातील द्रव्ये दर्शन घडवीत नाहीत, भान घालवतात: घशाला कोरड, विस्फारलेल्या बाहुल्या, असंबद्ध बडबड, आणि मात्रा चुकली की मृत्यू. गोव्यात 1563 साली छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथातही तो येतो तो चोरांनी अन्नात मिसळण्याचे द्रव्य म्हणून. उरला मोह. पण मोहाची दारू ही शेवटी दारूच. देवाला, पितरांना आणि सोयऱ्यांना ती दिली जाते, तीत कोणी ब्रह्मांड पाहायला बसत नाही.

तेव्हा मराठवाड्याचा आयाहुआस्का सापडत नाही, याचे आम्हांला यत्किंचितही दुःख नाही. दुःख आहे ते प्रश्नाच्या घडणीचे. झाड कोणते, एवढेच विचारले जाते. ते कोणी, कोणाला, कोणत्या नात्याने द्यायचे, हे कोणी विचारीत नाही. 1956 पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्या मुलखातल्या गोंडांवर क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी 1940च्या दशकात जे लिहिले, त्यात एक विलक्षण गोष्ट आहे. एके काळी राजे असलेले गोंड स्थानिक देवतांच्या शांतीसाठी कोलाम पुजाऱ्याकडे जात, कारण त्या भूमीशी कोलामांचे नाते अधिक जुने मानले जाई. आणि गोंडांच्या कुळदेवांच्या कथा जपणारा कोण, तर किंगरी वाजवणारा परधान. म्हणजे गोंडाला आपल्या भूमीशी आणि आपल्या पूर्वजांशी बोलण्यासाठीही दुसऱ्या जमातीचा माणूस लागतो. बरे होणे असे माणसामाणसांत वाटलेले असेल, तर ते कोणत्या रेणूत शोधणार?

याच्या उलट टोकाला आपली सुशिक्षित अवहेलना उभी आहे. धोत्र्याचे कनकासव दम्यासाठी बाटलीतून आले की ते शास्त्र, महाशिवरात्रीला पिंडीवर वाहिला की भक्ती, आणि वैदूच्या झोळीत सापडला की अंधश्रद्धा. (2013चा जादूटोणाविरोधी कायदा आम्हांला हवाच आहे, भोंदू आणि जाणकार यांतला फरक न करण्याच्या आळसाला मात्र त्याची ढाल करू नये.) या भेदाच्या मुळाशी औषध नसून लिपी आहे. 2001 साली सुरू झालेली सरकारी पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांवर उभी आहे. जैवविविधता कायद्यातील 2023च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभातील वाटा देण्याच्या बंधनातून मोकळे केले. आता एकच झाड ग्रंथातही असते आणि कोलामाच्या स्मरणातही. ग्रंथाचा आधार दाखवला की कोलामाचा प्रश्नच उरत नाही. मौखिक परंपरेचे गोडवे गाणाऱ्या मराठी विभागांत या दुरुस्तीवर एखादी चर्चा झालेली आमच्या तरी ऐकिवात नाही.

मेक्सिकोचे उदाहरण देणाऱ्यांनी ते पुरते तरी द्यावे. माझातेक वैद्या मारिया साबिना यांच्या भूछत्रविधीबद्दल गॉर्डन वॉसन यांनी 1957 साली 'लाइफ' साप्ताहिकात लिहिले. बाईंचे नाव बदलले होते. तरी लोक हुआउत्लापर्यंत पोहोचलेच. 1958 साली आल्बर्ट हॉफमन यांनी भूछत्रांतील सायलोसायबिन वेगळे काढले. बाईंचे मंत्र ध्वनिमुद्रित झाले, कविता म्हणून छापले गेले. त्यांच्या वाट्याला आले ते पोलीस, गावाचा रोष आणि जळालेले घर. आजारी माणसाला बरे करण्यासाठी असलेला विधी देव पाहायला आलेल्या निरोगी पाहुण्यांनी नासवला, अशी त्यांची पुढे तक्रार होती. साहित्याच्या अभ्यासकाला या तक्रारीचा अर्थ कळायला हवा, कारण श्रोता बदलला की वचनाचा अर्थ बदलतो, हे आपण वर्गात रोज शिकवतो.

मलबारच्या वनस्पतींवरील 'होर्तुस मलाबारिकुस' हा लॅटिन ग्रंथ 1678 पासून ॲमस्टरडॅममध्ये छापला जाऊ लागला. वसाहतवादी डच सेनानी व्हान रेडे यांनी तो करवून घेतला, त्यामागे मसाल्याचा व्यापार होता, सगळे खरे. पण त्यात इट्टी अच्युतन या एळवा जातीच्या वैद्याची साक्ष त्याच्या नावानिशी, त्याच्याच लिपीत छापलेली आहे. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणी वैद्यांचीही आहे, तीही नागरीत. आमच्याकडे परीक्षणासाठी येणाऱ्या प्रबंधांच्या परिशिष्टांत मात्र किनवटच्या गाण्यांखाली, मंत्रांखाली आणि झाडपाल्याच्या याद्यांखाली अजूनही लिहिलेले असते : 'माहिती देणार, एक वृद्ध आदिवासी स्त्री'.