शेवटच्या प्रतीचा जाहीरनामा

1616 साली गोव्यात, साष्टीतल्या रायतूरला, एक मराठी पुस्तक छापलं गेलं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’. लिपी रोमन, भाषा मराठी, रचना ओवीबद्ध. 1649 साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली आणि 1654 साली तिसरी. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आजवर कुणाला सापडलेली नाही. आज आपण ‘क्रिस्तपुराण’ वाचू शकतो ते भाविकांनी हातानं उतरवून घेतलेल्या नकलांमुळे. त्या नकलांवरूनच 1907 साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. छापखान्याकडून जे हरवलं ते बोरू धरणाऱ्यांनी राखलं. छापलं म्हणजे टिकलं, या समजुतीवर आपण सगळे निर्धास्त बसलो आहोत, म्हणून आरंभीच हे सांगायचं.

मराठीतली कितीतरी पुस्तकं आज एकेका प्रतीवर येऊन ठेपली आहेत, आणि ती प्रत नेमकी कुठल्या गावात, कुठल्या कपाटात आहे याची नोंद कुणापाशीच नाही. एवढ्या एकाच कारणासाठी आम्ही ही चळवळ उभी करत आहोत.

एक प्रत म्हणजे किती, हे ताराबाई शिंद्यांना विचारावं. 1882 साली पुण्याच्या शिवाजी छापखान्यात ‘स्त्रीपुरुषतुलना’च्या पाचशे प्रती निघाल्या. बुलढाण्याच्या या बाईनं त्यात पुरुषांना तोंडावर जाब विचारला. त्यावरून गहजब झाला, जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, आणि मग सगळं शांत झालं. त्या शांततेत जवळजवळ शंभर वर्षं गेली. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा उजेडात आणलं, आणि आज स्त्रीवादाचा अभ्यास करणारी मुलगी, ती जगाच्या पाठीवर कुठेही असो, ताराबाईंचं नाव घेतल्यावाचून पुढे जात नाही. मधल्या त्र्याण्णव वर्षांत शेवटच्या उरलेल्या प्रतीही कुणी ‘जीर्ण, उपयोग नाही’ म्हणून काढून टाकल्या असत्या तर? ताराबाई होत्या हे फुल्यांच्या लेखातून कळलं असतं. त्या काय म्हणाल्या ते मात्र कायमचं गेलं असतं.

महाराष्ट्राला वाचनालयांची मोठी परंपरा आहे, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. रत्नागिरीचं वाचनालय 1828 सालचं. नाशिकचं 1840 सालचं. पुण्यात 1848 साली लोकहितवादींनी पुढाकार घेतला. 1893 साली ठाण्याला वि. ल. भावे नावाच्या विशीतल्या तरुणानं फक्त मराठी पुस्तकांसाठी ग्रंथसंग्रहालय काढलं आणि 1898 साली मुंबईनं तोच कित्ता गिरवला. पुढे तालुक्यातालुक्यात, पेठांच्या गावी, कुणाच्या माडीवर, कुणाच्या देवळाच्या ओवरीत वाचनालयं उभी राहिली. वकिलांनी, मास्तरांनी, किराणा दुकानदारांनी वर्गणी काढून पुस्तकं मागवली. मोठ्या शहरांत जे नाही ते या लहान गावांत असतं, कारण शंभर वर्षांपूर्वी तिथल्या एखाद्या वाचकानं हट्टानं ते मागवलेलं असतं.

आणि याच ठिकाणी आज पुस्तकं जात आहेत. आगीत किंवा दंगलीत नव्हे. रीतसर, ठराव करून.

त्याला निर्लेखन म्हणतात. दाखल नोंदवहीतून पुस्तक कमी करायचं, यादी करायची, समितीची सही घ्यायची. जागा मर्यादित असते, नवी पुस्तकं येत असतात; निर्लेखन लागतंच, त्याला आमचा विरोध नाही. पण आमच्यातल्या एकीनं एका तालुक्याच्या गावी अशी यादी हातात घेतली तेव्हा कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता : जीर्ण. बाहेर रद्दीवाले काका काटा लावून बसले होते. गोणीच्या तोंडाशी मुखपृष्ठ गेलेली शेतकीवरची एक चोपडी होती, शंभराहून जास्त वर्षांची. ती दुसरीकडे कुठे आहे का, हे बघायला हवं असं कुणाला वाटलं नव्हतं. बघायचं म्हटलं तरी कुठे बघणार? यात ग्रंथपालबाईंचा दोष नव्हता. तुटपुंज्या मानधनावर त्या एकट्या झाडलोटीपासून देवघेवीपर्यंत सगळं ओढत होत्या. ‘ताई, तुम्हाला हवी तर न्या, पण वजनात धरावी लागेल,’ असं त्या संकोचानं म्हणाल्या.

‘जीर्ण’ या शब्दाबद्दलही थोडं सांगायला हवं. जुन्नरी, दौलताबादी कागद चिंध्यांपासून हातानं बनत असे. त्या कागदावरच्या पेशवाईतल्या दप्तरांचे रुमाल उघडले तर आजही पान उलटतं. गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग काढलं, तेव्हाच्या कागदातही दम होता. पुढे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात तुरटी घालत, तिच्यातून आम्ल सुटतं, पान आधी पिवळं पडतं, मग तपकिरी होतं आणि शेवटी पापडासारखं मोडतं. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली तेव्हा मिळेल त्या कागदावर छपाई झाली. म्हणून 1840 च्या पुस्तकापेक्षा 1945 चं पुस्तक आधी मरतं आहे. आपल्या आजोबांनी तरुणपणी वाचलेली पुस्तकं पणजोबांच्या पोथ्यांआधी जाणार आहेत. ज्याला आपण जुनं समजत नाही, त्यालाच सगळ्यांत मोठा धोका आहे.

आमच्या हातात एक मोठा आधार आहे. शंकर गणेश दात्यांनी 1800 ते 1937 या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची सूची केली आणि नंतरच्या खंडात ती 1950 पर्यंत आणली. विद्यापीठानं किंवा सरकारी खात्यानं करायचं काम एका माणसानं अंगावर घेतलं आणि तडीस नेलं. या माणसाचे उपकार मराठीनं अजून नीट मानलेले नाहीत, असं आम्हाला मनापासून वाटतं. काय छापलं गेलं ते दात्यांनी सांगितलं. त्यातलं काय उरलं आहे, ते आता आपण सांगायचं. दाते सूचीतल्या प्रत्येक नावापुढे निदान एक गाव आणि एक कपाट लिहिलं जाईपर्यंत आम्ही थांबणार नाही.

सूचीत नसलेल्याचं काय? तेही आमचंच आहे. सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांच्या चोपड्या, तमाशातले वग, गिरणी संपातली पत्रकं, जत्रेत आण्याआण्याला विकली गेलेली पुस्तकं, सायक्लोस्टाइल केलेली अनियतकालिकं. यांना वाचनालयाचा दरवाजा बहुधा उघडलाच नाही. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर दरवर्षी जी पातळ पुस्तकं विकली जातात त्यांची खरी ग्रंथालयं म्हणजे घरातल्या पत्र्याच्या पेट्या. तसंच दिवाळी अंकांचं. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकानं दिवाळी अंकाची प्रथा पाडली. मराठीतल्या कितीतरी कथा-कविता पहिल्यांदा दिवाळी अंकांतच आल्या, आणि संक्रांतीच्या आधी ते रद्दीत जातात.

सरकारकडे आमची मागणी आहे. 1950 पूर्वीचं कुठलंही मराठी पुस्तक निर्लेखित करण्याआधी त्याची यादी तीन महिने जाहीर करावी आणि दुसरी प्रत सापडली नाही तर ते पुस्तक जिल्हा ग्रंथालयानं ताब्यात घ्यावं. ग्रंथपालाला जगता येईल एवढा पगार द्यावा. ग्रंथालयांची जबाबदारी राज्यानं घेणं आपल्याला नवं नाही. कोल्हापूर संस्थानानं 1945 सालीच ग्रंथालयांचा कायदा केला होता. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोद्यात ग्रंथालयांचं जाळं विणलं, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी धाडल्या. महाराष्ट्राचा कायदा 1967 सालचा. त्यात ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कर नाही, सगळा भार अनुदानावर, आणि अनुदान कधी येईल याची वाट बघण्यात वर्ष सरतं. प्रकाशकांनाही विनंती आहे : 1954 च्या कायद्यानं ज्या प्रती ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या असतात, त्या पाठवा. स्वखर्चानं कवितासंग्रह काढणाऱ्यांनो, तुम्हीसुद्धा.

पण सरकार जागं होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. रद्दीच्या दुकानदारांशी आम्ही बोलणार आहोत. त्यांच्या नजरेखालून जेवढी मराठी पुस्तकं जातात तेवढी कुठल्याही प्राध्यापकाच्या जात नाहीत, आणि जुनं पान त्यांना बोटांनी ओळखता येतं. बाइंडरांकडून शिकणार आहोत. पुस्तकाला चिकटपट्टी लावायची नाही, कडा छाटायच्या नाहीत, रेक्झिनच्या नव्या बांधणीसाठी जुनं मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पानं फाडायची नाहीत, कारण छापखान्याचा पत्ता आणि किंमत बहुधा तिथेच असते. सुती कापडात बांधून, वेखंडाची पुरचुंडी ठेवून, भिंतीपासून हातभर लांब ठेवायचं.

स्कॅन करणार आहोत, जोमानं करणार आहोत. लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षं उलटली की पुस्तक सर्वांचं होतं. अशा पुस्तकांना आधी हात घालू. मात्र स्कॅन झालं म्हणून मूळ प्रत टाकून द्यायची, हे आम्हाला कदापि मान्य नाही. घाईत सुटलेलं पान, कापला गेलेला समास, अस्पष्ट आलेली तळटीप तपासायला शेवटी त्या कागदाकडेच यावं लागतं.

ज्यांना यायचं आहे त्यांनी वर्गणी आणू नये. आपल्या गावच्या वाचनालयात जावं, ग्रंथपालांची परवानगी घ्यावी, सगळ्यांत मागचं कपाट उघडावं, नाकाला रुमाल बांधावा आणि वहीत लिहावं : पुस्तकाचं नाव, लेखक, छापखाना, साल, दाखल अंक, पहिलं पान आहे की नाही, शेवटचं आहे की नाही, कसर लागली आहे का, कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर.