दुसरे कार्ड लावावे की मोठे कार्ड घ्यावे?

आमच्या पिढीच्या कापडवाल्यासमोर कार्ड हा शब्द काढला की त्याला जॅकार्डच्या मागावरची, भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे आठवतात. नक्षी मोठी असेल तर कार्डे जास्त लागतात, हा आमचा लहानपणापासूनचा हिशेब. म्हणून २०२२ साली डिझाइनच्या कॉम्प्युटरवर बसणारा आमचा भाचा जेव्हा म्हणाला, "मामू, आपले ग्राफिक्स कार्ड कमी पडते आहे," तेव्हा आम्ही हिशेबाच्या वहीतून मान वर न करता सांगून टाकले, "मग अजून एक लावून टाक, बेटा." या एका वाक्यापायी आमचे पैसे गेले, एक सिझन गेला आणि घरच्या मुलाला विनाकारण चार शब्द ऐकावे लागले. आज भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर इथल्या पुष्कळ पेढ्यांवर आणि कारखान्यांत डिझाइनचा कॉम्प्युटर आला आहे. हाच प्रश्न आज ना उद्या इतर बांधवांसमोरही येणार आहे. आमचे नुकसान झाले ते झाले, दुसऱ्याचे होऊ नये म्हणून हा तजुर्बा मांडतो.

आमचा धंदा पडद्यांच्या आणि चादरींच्या कापडाचा. पूर्वी नमुन्यांची बुके घेऊन गावोगाव माणूस पाठवायचा, ऑर्डर यायची. आता गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो मागते, आणि तोही नुसत्या कापडाचा चालत नाही. खोली दिसली पाहिजे, खिडकीला पडदा, पलंगावर चादर दिसली पाहिजे. प्रत्येक डिझाइनचे कापड छापून, शिवून, खोली सजवून फोटो काढायचा तर खर्च परवडत नाही. म्हणून भाचा फोटोशॉपमध्ये डिझाइन करतो आणि ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खोली उभी करून त्यावर आमचे कापड चढवतो. शेवटी कॉम्प्युटर जे पक्के चित्र काढून देतो, त्याला ही मुले रेंडर म्हणतात. हे काम मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर चालते. आमच्याकडे जीटीएक्स १६५० हे २०१९ साली बाजारात आलेले, ४ जीबी मेमरीचे कार्ड होते. साधी खोली असली तर एका चित्राला चाळीस मिनिटे लागत. खोलीत सामान वाढले, कापडाचे बारीक पोत दाखवणारे मोठे फोटो चढवले की काम मध्येच थांबे आणि मेमरी अपुरी असल्याचा संदेश येई.

भाच्याचे म्हणणे होते की दुसरे कार्ड नको, जास्त मेमरीचे एकच मोठे कार्ड घ्या. आम्ही भाव विचारले. मोठ्या कार्डाच्या किमतीत जुनी, वापरलेली १६५० तीन आली असती. त्या वेळी जुन्या कार्डांचा माल बाजारात वाढलाही होता. २०२०-२१ मध्ये कार्डांची टंचाई होती, कारण मागणी भारी आणि त्यात इथेरियम हे आभासी चलन काढणारे लोक कार्डे उचलत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांवर ते चलन काढणे बंद झाले आणि वापरलेली कार्डे विक्रीला निघाली. ज्या दुकानदाराकडे आम्ही गेलो, त्याने समजावले, "शेठ, चार आणि चार आठ. आठ जीबीचे काम निम्म्याहून कमी पैशात." हिशेब सोपा होता, आमच्या डोक्यात चटकन बसला. कार्ड घेऊन आलो.

काय झाले ते सांगतो. साध्या खोलीचे चित्र चाळीसऐवजी बावीस मिनिटांत येऊ लागले, हे खरे. पण सामानाने भरलेली मोठी खोली पूर्वी जिथे अडकत होती, अगदी तिथेच अडकली. भाच्याने रात्र रात्र जागून सामान कमी केले, फोटो लहान केले. कापडाचा पोत दिसेनासा झाला. २०२३ च्या रमजान ईदेआधीचा पडदे-चादरींचा सिझन डोक्यावर होता. हैदराबादच्या एका जुन्या व्यापाऱ्याने तीन वेळा फोटो मागितले आणि चौथ्यांदा मागितलेच नाहीत, ऑर्डर दुसरीकडे गेली. त्या दिवशी आम्ही भाच्यावर कामचुकारपणाचा ठपका ठेवला. तो काही बोलला नाही. नंतर एका जाणकार माणसाने आम्हाला बसवून सगळे समजावले, तेव्हा मुलाचे म्हणणे पहिल्या दिवसापासून बरोबर होते हे कळले.

ही गोष्ट आमच्या धंद्याच्या भाषेत अशी आहे. ४८ इंची दोन माग शेजारी शेजारी लावले तर कापड दुप्पट निघते. पण म्हणून त्यांच्यावर ९० इंची चादर निघत नाही. चादरीला रुंद मागच लागतो. ग्राफिक्स कार्डाची मेमरी म्हणजे मागाचा पन्हा. दोन कार्डे लावली तर प्रत्येक कार्डाला संपूर्ण खोली, सगळ्या फोटोंसकट, स्वतःच्या मेमरीत ठेवावी लागते. दोन्हीकडे तोच माल भरला जातो, म्हणून चार आणि चार मिळून चारच राहतात. काम पन्ह्यात बसत असेल तर दोन कार्डे ते वाटून घेऊन वेग जवळपास दुप्पट करतात. बसत नसेल तर दहा कार्डे लावूनही तो अडथळा सुटत नाही. आम्ही आयुष्यभर मागांची संख्या वाढवून धंदा वाढवला, त्यामुळे पन्ह्याचा विचारच मनात आला नाही.

आणखी एक गैरसमज घरोघरी आहे. मुले सांगतात की दोन कार्डे जोडली की खेळ फार जोरात चालतात. एकेकाळी यात तथ्य होते. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू-२ या कार्डांची जोडी लावता येत असे. एक कार्ड चित्राच्या एकाआड एक ओळी काढी, उरलेल्या ओळी दुसरे काढी. पुढे २००४ मध्ये एनव्हिडियाने आणि २००५ मध्ये एटीआयने आपापली जोडणी आणली. त्यात बहुधा एक चित्र एका कार्डाने आणि पुढचे दुसऱ्याने काढायचे अशी वाटणी असे. पण दोन कारागिरांचा हात सारखा पडत नाही तसे होई, चित्र अडखळत चाले, आणि प्रत्येक खेळासाठी वेगळी तजवीज करावी लागे. एनव्हिडियाने २०२१ पासून अशी नवी तजवीज करणे बंद केले. २०२० च्या आरटीएक्स ३०९० कार्डाला जोडणीची सोय होती, २०२२ च्या ४०९० ला ती ठेवलीच नाही. तेव्हा खेळासाठी दुसरे कार्ड मागणाऱ्या मुलाला खुशाल नाही म्हणावे.

मग आपण ठरवावे कसे? पैसे काढण्याआधी नेमके काय अडले आहे ते पाहावे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर असतो. नेहमीचे जड काम चालू असताना तो उघडून बसावे. प्रोसेसर, मुख्य मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड यांपैकी कोण काठोकाठ भरले आहे ते तिथे दिसते. कार्डाची मेमरी भरत असेल तर मोठ्या मेमरीचे कार्ड हवे. कार्डाची मेमरी मोकळी आहे, काम बिनअडथळा पुरे होते, फक्त वेळ लागतो आणि तसली कामे ओळीने पडून असतात, अशा ठिकाणी दुसरे कार्ड उपयोगी पडते. आणि कार्ड निवांत बसलेले दिसले तर कार्डावर एक पैसाही खर्च करू नये.

हा तिसरा प्रकार आमच्या लाइनमध्ये सर्वांत जास्त आढळतो. डिजिटल छपाईसाठी ९० बाय १०० इंचाची चादर घ्या. इंचाला १५० ठिपके धरले तर १३,५०० गुणिले १५,००० म्हणजे २० कोटींवर ठिपके झाले. छपाईच्या चार रंगांत प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट लागतात. म्हणजे एक भरलेला थर सुमारे ८० कोटी बाइटचा, आणि डिझाइनमध्ये असे दहा थर सहज असतात. हे ओझे मुख्य मेमरीवर आणि डिस्कवर पडते. फोटोशॉप तर दुसऱ्या कार्डाचा उपयोगही करत नाही. ज्यांचे काम फोटोशॉपपुरते आहे, त्यांनी मुख्य मेमरी वाढवावी आणि जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी. दोन-तीन मॉनिटर लावायचे म्हणून दुसरे कार्ड घेणारेही आम्ही पाहिले. तेवढे मॉनिटर एकच कार्ड चालवते.

मोठे कार्ड घेतानाही नुसती कार्डाची किंमत धरू नये. आम्ही २०२३ मध्ये अखेर आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचे कार्ड घेतले. जुने कार्ड ७५ वॉट वीज घेई, हे १७० वॉट घेते. कंपनी त्यासाठी ५५० वॉटचा पॉवर सप्लाय सुचवते, आमचा ४५० चा होता, तो बदलावा लागला. वीज गेली की आमचा लहान यूपीएस ओरडून बंद पडू लागला, तोही बदलला. कार्डाची लांबी डब्यात मावते की नाही हे आधी मोजावे. आमच्याकडे हवेत कापसाचे तंतू उडतात, ते पंख्यात अडकले की कार्ड तापते आणि मंद होते. महिन्यातून एकदा डबा उघडून साफ करावा. दोन कार्डे खेटून लावली तर वरच्याला हवाच मिळत नाही, ही अडचण आम्ही उन्हाळ्यात भोगली. एवढे सगळे करून हिशेब काय निघाला? चाळीस मिनिटांचे साधे चित्र आठ-नऊ मिनिटांत येते आणि मोठी खोली न अडता पूर्ण होते.

नावाला भुलू नये हेही सांगणे आहे. आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचेही आहे आणि नंतर आलेले ८ जीबीचेही. २०२५ मध्ये आलेले ५०६० टीआय ८ आणि १६ अशा दोन मेमरींत निघाले. लेबल एक, माल दोन. ताक्यावरचे लेबल वाचून आपण कापड घेत नाही, हाताने काउंट बघतो. इथेही मेमरीचा आकडा बिलावर लिहून घ्यावा. जुने कार्ड घ्यायचे असेल तर दुकानातच अर्धा तास जड काम चालवून पाहावे आणि परत घेण्याची बोली करावी. वर्षातून पंधरा दिवसच असे काम असेल तर कार्ड घेऊच नये, बाहेरून रेंडर करून घ्यावे. आणि हातात ऑर्डर नसताना, हप्ते डोक्यावर घेऊन यंत्र आणणे तर मागात काय आणि कार्डात काय, सारखेच घातक.

आम्हाला शेवटी सांगायचे आहे ते कार्डापेक्षा मोठे आहे. आमच्या वडीलधाऱ्यांनी गिरणीतून निघालेले जुने माग घेऊन कारखाने उभे केले. स्वस्तात जुने घ्या आणि संख्या वाढवा, या रिवाजाने आमची घरे चालली, त्याला नावे ठेवण्याची आमची लायकी नाही. पण मागाबद्दल निर्णय घेताना ते मागावरच्या कारागिराला विचारत. त्याने सांगितले की बीम बरोबर नाही, तर ते ऐकत. आम्ही मात्र कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलाला मूल समजलो आणि ज्याला आमचा धंदा ठाऊक नाही अशा दुकानदाराचे ऐकले. जो रोज त्या यंत्रावर बसतो, त्याचा सल्ला पहिला घ्यावा.

ते दुसरे १६५० कार्ड फुकट गेले नाही. घरात एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. भाच्याने त्यात मेमरी वाढवून ते कार्ड बसवले, आणि आता आमची पुतणी त्यावर साध्या डिझाइनांची चित्रे काढते. दोन माग, दोन कारागीर, असा आता आमचा हिशेब बसला आहे. हैदराबादच्या व्यापाऱ्याला गेल्या सिझनला आम्ही न मागता वीस चित्रे पाठवली. त्यांची लहानशी ऑर्डर आली आहे.