घामाची थंडी

पौषातल्या पहाटे भंडारदऱ्याच्या तलावाकाठी उभे राहिले की बोलताना तोंडातून वाफ निघते. हल्ली या दिवसांत तिथे तंबूंच्या रांगा लागतात. शहरातले पाहुणे येतात, तशी आपल्या खेड्यापाड्यांतली कॉलेजात जाणारी मुलेही येतात. कुणाला रात्रभर चांदण्या पाहायच्या असतात, कुणाला अंधारात बारी गावातून निघून कळसूबाईवर सूर्योदय गाठायचा असतो. निघताना आई विचारते, ‘स्वेटर घेतलास का रे?’ प्रश्न बरोबर, पण अर्धाच. स्वेटरच्या आत काय घातले आहेस, हे कुणी विचारत नाही.

आत असते आपली सुती बनियन. तिनेच एकदा माझी फजिती केली. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. बारीपासूनची चढण सुमारे आठशे मीटरची. थंडीच्या भीतीने मी पायथ्यापासूनच जाड स्वेटर चढवला होता. लोखंडी शिड्यांपर्यंत घामाने निथळलो, आणि वर पोहोचून वाऱ्यात थांबलो, तर पाव तासात दातावर दात वाजू लागले. हातातला चहा हिंदकळू लागला. घोंगडीची खोळ घेऊन बसलेले एक म्हातारबाबा माझ्याकडे बघत होते. म्हणाले, ‘आरं, आधी ती वली बंडी काढ, मग च्या पी.’ देवळाच्या आडोशाला जाऊन बनियन काढली, पिशवीतला कोरडा सदरा घातला, आणि निम्मी थंडी तिथेच गेली.

सूत घाम पिते आणि धरून ठेवते. उन्हाळ्यात तो त्याचा गुण, थंडीत तोच दोष. स्थिर हवेच्या मानाने पाणी अंगाची ऊब वीस-पंचवीस पट वेगाने ओढून नेते. लोकरीचे तसे नाही. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका दमटपणा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. पॉलिस्टर पाणी पीतच नाही म्हटले तरी चालेल, घाम कापडावर पसरतो आणि वाऱ्याने उडून जातो.

म्हणून चढणीसाठी महागडे काही आणण्याआधी घरातली खुंटी बघा. कबड्डीच्या किंवा क्रिकेटच्या सामन्यात मिळालेली जर्सी तिथे लटकत असेल. अंगासरशी बसणारी, कमरेखाली उतरणारी असेल तर आतून घालायला तीच उत्तम. (वास लवकर धरते, हे मात्र खरे.) बाजारात ‘थर्मल’ म्हणून मिळते ते बरेचदा सुती किंवा सूतमिश्रित असते. आतली चिठ्ठी वाचून घ्या. तलावाकाठी बसायला, झोपायला ते छान, डोंगर चढायला नव्हे. मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीचे सर्वांत चांगले, पण किंमत ऐकून घाम फुटतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड, अंगाला टोचते. तिची जागा वरून, घोंगडीत.

दुकानदार ‘लोकर’ म्हणेल ते सगळे लोकर नसते, पुष्कळदा ते अ‍ॅक्रिलिक निघते. एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहा. केस जळल्याचा वास आला आणि चुरा होणारी राख उरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. कागदासारखा जळला तर सूत. याच कारणाने जर्सी घालून शेकोटीला फार खेटू नये. ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटते.

जाळीची बनियन पाहून हसू नका. १९५३ साली एव्हरेस्टवर गेलेल्या तुकडीकडे बोट जाईल एवढ्या भोकांच्या बनियनी होत्या. भोकांत हवा अडकते आणि ती हवाच ऊब धरते. मात्र वरून दुसरा कपडा हवाच.

चढताना थोडी थंडी वाजू द्यावी. स्वेटर पिशवीत ठेवावा, माथ्यावर थांबताच घालावा. तलावाकाठचे वेगळे. रात्री थंड जड हवा खोलगट जागी साचते, वरून दव पडते. तिथे झोपण्यापूर्वी दिवसभराचे आतले कपडे आणि मोजे बदलावेत. कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्यावा.

सोबतचा कुणी कुडकुडत असेल, शब्द अडखळत असतील, बोटांनी बटण लागत नसेल, तर त्याला थट्टेवारी नेऊ नका. आडोशाला नेऊन ओले उतरवा, कोरडे घाला, डोके झाका, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्या. दारू मुळीच नको. तिने अंग तापल्यासारखे वाटते, पण आतली ऊब बाहेर पडते. कुडकुडणे थांबले आणि माणूस सुस्तावला, तर बरे वाटतेय असे समजू नका. ताबडतोब दवाखाना गाठा.

आणि हे फक्त डोंगरावर जाणाऱ्यांपुरते नाही. रात्रीची लाइट असते तेव्हा कांद्याला, गव्हाला पाणी भरणारा माणूस बारे मोडून घामाघूम होतो आणि मग बांधावर बसून राहतो. त्याच्याही पिशवीत एक कोरडी बंडी घाला, भाकरीच्या शेजारी.