भुकेला कोंडा, निजेला धोंडा

यंदाच्या थंडीत दोन दिवस उदगीर तालुक्यात चुलतभावाकडे राहून आलो. मैलूरहून निघालो की दोन तासांत गाव येते, पण कॉलेज, परीक्षा, पेपर तपासणी यातून तेवढी सवड निघत नाही. वहिनींना बऱ्याच दिवसांनी पाहिले. अंगाने चांगल्याच भरल्या होत्या. माझी मास्तरकीची सवय स्वस्थ बसू देईना. म्हणालो, "वहिनी, भात जरा कमी करा. संध्याकाळी फिरायला जात जा." त्या भाकरी थापत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "भाऊजी, फिरायला सगळेच सांगतात. झोपायला जा, असं कुणी सांगत नाही बघा."

मी हसलो. त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला रात्री कळला.

दादाच्या शेताकडे मोटारीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. मी गेलो तो आठवडा रात्रीचा होता. बारा वाजता दादा बॅटरी, काठी आणि मफलर घेऊन उसाला दारे धरायला निघाला. वहिनी उठल्या, चहा केला, थर्मास भरून दिला. मग पडून राहिल्या, पण डोळ्याला डोळा नव्हता. बांधावर साप आहे, विंचू आहे, विहिरीचा काठ आहे, माणूस अंधारात एकटा आहे. चारला दादा आला. पाचला वहिनींचे अंगण झाडणे सुरू झाले. दादा सकाळी दोन तास तरी लवंडला. वहिनी थेट रात्रीच आडव्या झाल्या. मात्र दिवसभरात चार वेळा चहा आणि त्याच्यासोबत कधी चिवडा, कधी गूळ-शेंगदाणे झाले. "जेवण कमी केलंय हो, पण मधेमधे खावंसं वाटतं," असे त्या अपराधी चेहऱ्याने सांगत होत्या.

अपराध त्यांचा नव्हता. परत आल्यावर थोडे वाचन केले, तेव्हा माझाच उपदेश मला बोचू लागला.

आपली समजूत अशी की जो जागतो तो जास्त कष्ट करतो, म्हणून तो बारीक होणार, आणि झोपाळू माणूस सुटणार. हिशेब सरळ वाटतो, पण शरीर तो वेगळ्या रीतीने मांडते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली १६ निरोगी माणसांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना पाच रात्री पाच-पाच तासच झोपू दिले आणि खायला हवे तेवढे दिले. जागल्यामुळे शरीराचा ऊर्जेचा खर्च सुमारे ५ टक्क्यांनी वाढला खरा, पण खाणे त्याहून अधिक वाढले, तेही मुख्यतः रात्रीच्या जेवणानंतरचे. पाच दिवसांत वजन सरासरी पाऊण किलोहून जास्त वाढले. म्हणजे जागून जेवढे जाळले, त्याहून जास्त पोटात गेले.

असे का होते? भुकेवर दोन संप्रेरकांचा ताबा असतो. चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन मेंदूला सांगते, 'पुरे झाले'. जठरातून निघणारे घ्रेलिन सांगते, 'आण आणखी'. शिकागो विद्यापीठात २००४ साली १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले आणि वेगळ्या वेळी दोन रात्री दहा तास अंथरुणात राहू दिले. अपुऱ्या झोपेनंतर लेप्टिन १८ टक्के कमी आणि घ्रेलिन २८ टक्के जास्त आढळले. भूक २४ टक्क्यांनी वाढली, आणि ओढ होती ती गोड, खारट, पिठूळ पदार्थांची. वहिनींचा चिवडा आणि गूळ-शेंगदाणे यांचा उलगडा मला इथे झाला. तो जिभेचा चोचला नव्हता, थकलेल्या शरीराची मागणी होती.

"मग खाणे तरी मोजून खावे," असे कोणी म्हणेल. त्याचेही उत्तर आहे. २०१० साली त्याच विद्यापीठाने दहा जाड्या माणसांना दोन आठवडे मोजके खायला दिले, एकदा साडेआठ तास झोपेची मुभा देऊन आणि एकदा साडेपाच तास. वजन दोन्ही वेळी सारखेच, सुमारे तीन किलो उतरले. पण पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती, अपुऱ्या झोपेत जेमतेम ०.६ किलो. बाकीची झीज चरबीखेरीज अंगातल्या इतर वजनाची. उपास करून घटवायची चरबी, आणि झडते अंगातली ताकद!

दादा मात्र काटकुळा आहे. तरीही तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याला 'शुगर काठावर आहे' असे सांगितले आहे. घराण्यात मधुमेह आहे, तेव्हा सगळा दोष जागरणाला देता येणार नाही. पण १९९९ साली ११ निरोगी तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातील साखर आवरण्याची क्षमता चांगलीच घटली होती. शिवाय शरीराला स्वतःचे घड्याळ असते. तेच अन्न रात्री खाल्ले तर साखर दिवसापेक्षा जास्त चढते. दर आठवड्याला ते घड्याळ उलटसुलट फिरवणाऱ्या शेतकऱ्याच्या शरीराने कोणत्या वेळेला सकाळ म्हणायचे? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक आणि काठावरचे १३ कोटींहून अधिक लोक असल्याचा अंदाज आहे. काठावरच्या माणसाला झोप ही चैन नव्हे, पथ्य आहे.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधारखांब मानले आहेत. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणूस, अतिकृश माणूस आणि झोप यांचा विचार एकत्रच केला आहे. आपली म्हणही भूक आणि नीज शेजारीशेजारी बसवते. मात्र निजेला धोंडा चालतो म्हणून आपण घरातल्या बाईला धोंड्याइतकीही उसंत ठेवली नाही. सगळ्यांच्या नंतर निजणारी आणि सगळ्यांच्या आधी उठणारी सून म्हणजे गुणाची, हे कौतुक आता थांबवले पाहिजे.

उपाय कठीण नाहीत. शिकागोचाच २०२२ चा प्रयोग सांगतो की कमी झोपणाऱ्या ८० जाड्या माणसांची झोप रोज सव्वा तासाच्या आसपास वाढली, तेव्हा त्यांचे खाणे कोणी न सांगता दिवसाला सुमारे २७० उष्मांकांनी कमी झाले. म्हणजे एखादी मोठी ज्वारीची भाकरी. रात्री पुरी झोप होतच नसेल, तर दुपारी अर्धा तास पडावे. चेन्नईच्या गरीब कामगारांवरील २०२१ सालच्या अभ्यासात दुपारच्या अशा डुलकीने कामही सुधारले आणि मनही. संध्याकाळनंतर चहा टाळावा, मोबाईल उशापासून दूर ठेवावा. मोठ्याने घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला डॉक्टरांना दाखवावे.

पण सगळेच घरातल्या घरात सुटत नाही. महाराष्ट्रात दिवसा वीज देण्यासाठी २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. दिवसाची वीज मागताना आपण सर्पदंश आणि अपघात यांचे दाखले देतो, ते योग्यच आहे. त्यात झोपेचाही दाखला जोडावा. रात्रीची वीज शेतकऱ्याच्या आणि त्याच्या बायकोच्या रक्तातही उतरते.

निघायच्या दिवशी दुपारी जेवणे झाली. वहिनी भांड्यांकडे वळल्या तेव्हा दादाला म्हणालो, "आज चहा आपण दोघे करू." वहिनी संकोचाने सोप्यात घोंगडीवर टेकल्या आणि पाचच मिनिटांत गाढ झोपल्या. दादाने साखर जास्त घातली होती. मी काही बोललो नाही.