माळ्यावरचं पितळ मोडीत घालण्याआधी

जुनं घर उतरवायला काढलं की माळ्यावरच्या गोणपाटातून पितळ निघतं. हंडे, घंगाळं, समया लगेच ओळखू येतात आणि त्यांची वाटणीही तिथल्या तिथे होते. मागे उरतात ते चमत्कारिक तुकडे: पोपट बसवलेला खरखरीत ठोकळा, जाड कडीत अडकवलेला हत्ती, टोकाला गोळी असलेली निमुळती पोकळ टोपी. हे काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून ते किलोच्या भावाने जातं. माझी विनंती आहे, थोडं थांबा. आणि थांबलात की चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काहीही त्याला लावू नका.

घासायची घाई नको, कारण वस्तूची ओळख तिच्या झिजेत असते. हात जिथे लागत होता तिथे पितळ गुळगुळीत आणि उजळ होतं, खाचाखोचांत काळं राहतं. कडीचं भोक एकाच बाजूने खाल्लेलं दिसलं, तर ती वस्तू टांगलेली होती. तळ घासलेला असेल, तर ती कशावर तरी घासली जात होती. हे सगळं एका दुपारच्या चकचकीत घासणीत पुसट होतं. देव्हाऱ्यातल्या टाकांवरचे चेहरे सपाट झालेले पाहिलेत ना? पिढ्यान्‌पिढ्यांच्या घासण्याने ते तसे झाले. पूजेतल्या देवांचं ठीक आहे, ते घासले जाणारच. अनोळखी वस्तूला मात्र आधी मऊ फडक्याने धूळ पुसण्यापलीकडे काही करू नये.

तो पोपटाचा ठोकळा हलवून बघा. आत खुळखुळ वाजलं आणि तळावर आडव्याउभ्या बारीक रेघा असल्या, तर ती वजरी आहे, न्हाणीघरात टाचा घासायची. तिला कुणी पेपरवेट समजतं, कुणी खेळणं. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा वजऱ्या, अडकित्ते, दिवे बघायला मिळतात. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवायला सुरुवात केली आणि १९७५ मध्ये हा सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. रोजच्या वापरातल्या वस्तूंना त्यांनी राजेरजवाड्यांच्या चिजांइतकाच मान दिला, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. आपल्याकडचा तुकडा घेऊन तिथे एक चक्कर मारली, तर बरीच कोडी काचेपलीकडे सुटलेली दिसतील.

कडीतला हत्ती बहुधा झोपाळ्याचा. लामणदिव्याच्या साखळीतही पक्षी असतात, पण ती साखळी नाजूक. झोपाळ्याची कडी माणसांचं वजन पेलणारी, म्हणून जाड. आणि ती निमुळती टोपी म्हणजे बैलाच्या शिंगाची शेंबी. पोळ्याला बैल सजवणारं घर असेल, तर शेजारच्या पिशवीत घुंगरमाळही सापडेल.

धातूची खात्री करायला लोहचुंबक पुरे. तो चिकटला तर आत लोखंड आहे, वरून नुसता पितळी मुलामा. बाजारात ‘अँटिक’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक वस्तू तेजाबाने काळ्या केलेल्या असतात. त्यांचा काळेपणा वर आणि खाचेत सारखाच असतो, हाताळल्याची खूण कुठेच नसते. अशा वस्तू घरात शोभेला ठेवायला हरकत नाही, फक्त वाडवडिलांच्या मोलाने घेऊ नका.

मग काठ आणि तळ उजेडात तिरके धरून बघा. भांड्यांवर नाव घालायची आपली जुनी रीत. कधी ठिपक्याठिपक्यांत देणाऱ्याचं नाव असतं, कधी मोडीत, कधी शकाचा आकडा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो: शके १८३२ म्हणजे १९१०. माघ-फाल्गुनातली वस्तू असेल तर ७९.

पण सगळ्यांत आधी घरातल्या आजीला, आत्याला, जुन्या गड्याला विचारा. वस्तू त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. हात आपोआप ती कशी धरायची तशी धरतो, मग बोलणंही येतं. ते फोनवर रेकॉर्ड करा, वस्तूचा सगळ्या बाजूंनी फोटो काढा, कुठे सापडली ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी तिच्यासोबतच ठेवा.

पाया खणताना काही सापडलं, तर गोष्ट वेगळी. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची चीज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. १८७८ चा कायदा आहे, आणि रक्कमही तेव्हाचीच. पुरलेली वस्तू मातीसकट तशीच राहू द्या. अन् परदेशातल्या लेकीला आजीची समई पाठवायची असेल, तर आधी तिचं वय बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची झालेली वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तेवढी जुनी नसलेली, पण तशी दिसणारी वस्तू विमानतळावर अडू नये म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो. तिकीट काढण्याआधीच त्याच्या मागे लागा.