चीक, सॉस आणि आजोबांचा घोट

मैत्रिणींनो, उन्हाळा आला की वाळवणं आली आणि वाळवणांत कुरडया आल्याच. आमच्या पनवेलला खाडीचा दमट वारा, त्यामुळे देशावर जी कुरडई दोन उन्हांत खडखडीत होते तिला इथे आणखी एखादं ऊन दाखवावं लागतं. असो. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून ठेवले की सकाळी वरचं पाणी ओतून द्यायचं. तळाशी पांढराशुभ्र चीक राहतो. आज बोलायचंय ते त्या चिकाबद्दल.

थोडंसं पाणी राहू देऊन त्यात बोट हळूच घाला. अलगद आत जाईल. आता तेच बोट झटकन बाहेर ओढा पाहू! चीक धरून ठेवतो. चमच्याने जोरात टोचलंत तर चमचा अडतो. मूठभर चीक तळहातावर भरभर वळलात तर गोळा होतो आणि हात थांबला की तोच गोळा बोटांमधून ओघळून खाली. चीक नसेल तर दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये साधारण वाटीभर पाणी घालून पाहा. सुटीत मुलांचा एक तास छान जातो. (खेळ झाला की ते मोरीत मात्र ओतू नका, पाइपात बसून घट्ट होतं.)

पाणी, दूध, तेल असं वागत नाहीत. सर आयझॅक न्यूटन यांनी १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात द्रवांच्या वाहण्याबद्दल एक साधी गोष्ट धरली होती. द्रवाचे थर जितक्या वेगाने एकमेकांवरून सरकतील, तितका अडथळा वाढेल. याचा अर्थ असा की, द्रवाचा स्वतःचा दाटपणा ठरलेला. आपण हळू ढवळा की जोरात, तो बदलत नाही. मधसुद्धा दाट खरा, पण नियमाचा पक्का. तो पातळ होतो तो ऊन केल्यावर, ढवळल्यावर नाही. चीक या नियमात बसत नाही. असल्या द्रवांना शास्त्रज्ञ ‘नॉन-न्यूटोनियन’ म्हणतात.

कारण काय? चिकात गव्हाच्या स्टार्चचे कच्चे कण पाण्यात दाटीवाटीने असतात. हळू ढकललं तर मधलं पाणी वंगणाचं काम करतं आणि कण एकमेकांना वाट देतात. घाई केली की मधलं पाणी बाजूला होऊन कण एकमेकांवर घासतात, अडकतात. पनवेल स्टेशनच्या जिन्यावर लोकल लागली की काय होतं ते आठवा! जो तो सावकाश चढला तर सगळे चढतात, रेटारेटी झाली की कुणीच हलत नाही. अलिबागच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत पाऊल टाकलं की भोवतालची वाळू क्षणभर कोरडी दिसते ना, ती याच्याच नात्यातली गोष्ट. दाबामुळे कण जरा फाकतात आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ साली ते समजावून सांगितलं.

म्हणून तळाला बसलेलं कॉर्नफ्लोअर चमच्याने खरवडत बसू नका. चमचा सावकाश खाली घालून उचलत राहा, आपोआप सुटतं. शिजवताना मात्र उलट. साठ अंशांच्या आसपास चिकाचे कण पाणी पिऊन फुगू लागतात, तेव्हा हात थांबला की गुठळी झालीच.

आणि एकदा शिजलं की स्वभावही उलटतो. कस्टर्ड ढवळलं की सैल पडतं. बाटलीतला टोमॅटो सॉस हलवल्याशिवाय येत नाही आणि बशीत पडला की पुन्हा ढिम्म. दह्याचंही तसंच, फक्त एकदा मोडलेलं दही पहिल्यासारखं लागत नाही. कोशिंबिरीत ते शेवटी घालावं आणि घोटू नये, ते यासाठी.

आता एका भगिनीच्या पत्राकडे वळते. त्यांच्या सासऱ्यांना पक्षाघात झाला. पाणी पिताना ठसका लागतो म्हणून डॉक्टरांनी सगळं दाट करून द्यायला सांगितलंय. त्या कॉर्नफ्लोअर शिजवून दूध दाट करतात, पण अर्धी वाटी संपेतो ते पाण्यासारखं होतं. ‘माझं प्रमाण चुकतंय का?’ असं त्या विचारतात, आणि घरात बोलणीही खातात.

ताई, प्रमाण चुकत नाहीये. आजारी माणसाच्या घशाला पाण्याचा वेग झेपत नाही. ते श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून हा खटाटोप. दाट दूध जिभेवर सावकाश चालतं आणि गिळताना, सॉससारखंच, जोर लागला की सैल होऊन उतरतं. पण आपल्या लाळेत अमायलेज नावाचं द्रव्य असतं, ते शिजलेला स्टार्च तोडतं. तोंडातला चमचा परत वाटीत गेला की वाटीतच काम सुरू! बाळाची उष्टी पेज थोड्या वेळाने पातळ झालेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहे.

तेव्हा थोडं थोडं वेगळ्या वाटीत काढून द्या, मूळ भांड्यात उष्टा चमचा घालू नका, उरलेलं पुन्हा देऊ नका. पातळ झालं म्हणून अंदाजाने आणखी पीठ ढकलू नका. फार दाट झालं तर घशात साचून राहतं. झँथन गमची दाट करायची पावडर मिळते, ती लाळेने तुटत नाही. ती चालेल का, हे डॉक्टरांना किंवा गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्टना विचारा. भरवताना त्यांना ताठ बसवा.

दाटपणा मोजायची एक पद्धत आता बऱ्याच देशांत वापरतात. सुई नसलेली दहा मिलीची सिरिंज भरायची, खालचं बोट काढायचं, दहा सेकंदांनी पुन्हा लावायचं आणि आत किती उरलं ते पाहायचं. सिरिंज कोणती घ्यायची आणि तुमच्या सासऱ्यांसाठी किती मिली उरायला हवं, हे थेरपिस्टकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद स्वयंपाकघरात लावा. मग घरातल्या इतरांनाही दूध करता येईल.